लाल औषधाची बाटली, उसाचे बेणे आणि लस

फुटलेल्या थर्मामीटरमधील पारा कसा गोळा करावा, याविषयी गेल्या अंकात या सदरात लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे मात्र धातुरूप पाऱ्याविषयी नसून पाऱ्याच्या संयुगांविषयी आहेत. काही पत्रांत अनाठायी भीती आहे, काहींत तितकीच बेफिकिरी. आणि दोन्हींच्या मुळाशी ‘पारा तो पारा’ हाच समज दिसतो. पाऱ्याचा अणू कोणत्या गटाला जोडलेला आहे, यावर तो शरीरात कुठवर पोहोचतो, किती दिवस मुक्काम करतो आणि कोणत्या अवयवाला इजा करतो, हे ठरते. पुढील चार उत्तरे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : नारायण पेठेतील आमचा वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करताना फडताळात ‘मर्क्युरोक्रोम २ टक्के’ असे लेबल असलेली अर्धवट भरलेली बाटली सापडली. लहानपणी गुडघे फुटले की आई हेच लाल औषध लावत असे. हे औषध पाऱ्याचे असते, असे नातीने सांगितल्यापासून चैन पडत नाही. आम्हा भावंडांना त्याचा अपाय झाला असेल का? ते बंद का झाले? आणि या बाटलीचे आता काय करावे?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे ३०

उत्तर : आपल्या बाटलीच्या टोपणाखाली वाळलेला थर असेल, तर तो लाल न दिसता हिरवट, धातूसारखी चमक असलेल्या पापुद्र्यांसारखा दिसेल. या पदार्थाचे रासायनिक नाव मेरब्रोमिन. फ्लुओरेसिन या रंगद्रव्याच्या रेणूत ब्रोमिन आणि पारा बसवून तो तयार होतो, आणि म्हणूनच पुष्कळ पाण्यात मिसळल्यावर त्याला पिवळट-हिरवी झाक येते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील मूत्ररोगतज्ज्ञ ह्यू यंग यांनी १९१८-१९ च्या सुमारास त्याचा जंतुनाशक म्हणून वापर सुरू केला. त्यांचा रोख मूत्रमार्गाच्या संसर्गावर होता. गुडघ्या-कोपरांवर हे औषध नंतर आले.

घराघरांत ते रुजले याचे मुख्य कारण असे, की ते झोंबत नसे. टिंक्चर आयोडीनमध्ये अल्कोहोल असल्याने ते लावताच मूल आकांत करी. मर्क्युरोक्रोमचे पाण्यातले द्रावण निमूटपणे लावून घेई. शिवाय लाल डाग चार दिवस टिकत असल्याने उपचार झाल्याचे सर्वांना दिसत असे. माझ्या मते या औषधाची निम्मी कीर्ती त्या डागाचीच होती. डॉक्टरांना मात्र तोच डाग अडचणीचा ठरे, कारण जखम चिघळू लागली की तिच्या कडेला येणारी लाली त्याखाली झाकून जाई.

जंतू मारण्यात हे औषध मुळातच दुबळे होते. पाऱ्याचा अणू जंतूंच्या प्रथिनांमधील गंधकयुक्त गटांना चिकटतो आणि त्यांची विकरे (एन्झाइम) ठप्प करतो. पण ही पकड कायमची नसते. जर्मन संशोधक गेपर्ट यांनी १८८९ मध्ये ही गोष्ट मोठ्या हिकमतीने दाखवून दिली. पाऱ्याच्या द्रावणात बुडवून ‘मेलेले’ अँथ्रॅक्सचे बीजाणू त्यांनी घेतले, अमोनियम सल्फाइड घालून त्यांना चिकटलेला पारा काढून टाकला, आणि ते बीजाणू पुन्हा वाढू लागले. म्हणजे पाऱ्याने जंतू मेले नव्हते, नुसते थोपले होते. जखमेत तर रक्त, पू आणि पाझरणारा द्राव यांच्या प्रथिनांत गंधकयुक्त गट भरपूर असतात. बराचसा पारा तिथेच अडकतो आणि जंतूंच्या वाट्याला थोडाच उरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मेरब्रोमिनला सुरक्षित आणि गुणकारी मानल्या जाणाऱ्या औषधांमधून वगळले, ते या दोन्ही कसोट्यांवर पुरेसा पुरावा नसल्यामुळे. तोवर पोव्हिडोन आयोडीन सर्वत्र मिळू लागले होते, त्यामुळे या निर्णयाविषयी फारशी हळहळही झाली नाही.

आता आपल्या काळजीविषयी. मेरब्रोमिनमध्ये वजनाने चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक पारा असतो. दोन टक्क्यांच्या ३० मिलिलिटर द्रावणात ६०० मिलिग्रॅम मेरब्रोमिन, म्हणजे सुमारे १६० मिलिग्रॅम पारा येतो. खरचटलेल्या जागेवर दोन थेंब लावले तर अर्धा मिलिग्रॅम पारा त्वचेवर पडला, आणि त्यातलाही अगदी थोडा आत शिरला. जो शिरला तो काही महिन्यांत मूत्रावाटे बाहेर पडला. तेव्हा बालपणीच्या त्या डागांचा आजच्या प्रकृतीशी संबंध जोडण्याचे कारण नाही. विषबाधेची जी प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली, ती निराळ्या परिस्थितीतील आहेत. काही नवजात बालकांची आतडी बेंबीतून बाहेर आलेल्या पातळ पिशवीत असतात; त्या पिशवीवर हे औषध दिवसेंदिवस लावले गेले आणि तिथून पारा थेट रक्तात उतरला. मोठ्या भाजलेल्या जागेविषयीही हाच धोका होता.

बाटली मोरीत ओतू नये आणि रोजच्या कचऱ्यातही टाकू नये. टोपण घट्ट लावून ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधावी, वर ‘पारायुक्त औषध’ असे लिहावे आणि घरगुती घातक कचरा म्हणून कचरावेचकाकडे किंवा संकलन केंद्रावर वेगळी द्यावी. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत मुदत संपलेली औषधे, फुटलेले थर्मामीटर आणि कीटकनाशकांचे डबे याच वर्गात घातलेले होते. त्याच फडताळात जांभळ्या-निळ्या औषधाची बाटली सापडली, तर ते बहुधा जेन्शियन व्हायोलेट असेल. त्यात पारा नसतो.

प्रश्न : प्लेगच्या काळातील घरांच्या निर्जंतुकीकरणाविषयी वाचताना ‘परक्लोराइड ऑफ मर्क्युरी’ हे नाव वारंवार येते. हा पदार्थ म्हणजे आपल्याकडचा रसकापूर का? त्याचा प्लेगवर काही उपयोग झाला का?
— इतिहासाची विद्यार्थिनी, शिवाजीनगर

उत्तर : परक्लोराइड ऑफ मर्क्युरी म्हणजे मर्क्युरिक क्लोराइड. रसकापूर या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थात मर्क्युरिक आणि मर्क्युरस अशी दोन्ही क्लोराइडे कमी-अधिक असू शकतात, त्यामुळे जुन्या कागदांत दोन्ही नावे समानार्थी धरू नयेत. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये जंतुनाशकांची तुलना करून मर्क्युरिक क्लोराइडला वरचे स्थान दिले, आणि पुढची काही दशके हजार भाग पाण्यात एक भाग हे त्याचे द्रावण शस्त्रक्रियेपासून घर धुण्यापर्यंत सगळीकडे वापरले गेले. गेपर्ट यांच्या ज्या प्रयोगाचा उल्लेख वर आला, तो याच पदार्थावरचा होता. तथापि १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा कॉख यांचे नाव अधिकाऱ्यांच्या कानी होते, गेपर्ट यांचे फारसे नव्हते, असे म्हणायला हरकत नाही.

त्या मोहिमेत पारा कुचकामी ठरला याची कारणे दोन होती. पहिले रासायनिक. शेणाने सारवलेली जमीन, मातीच्या भिंती आणि थुंकी या सर्वांत सेंद्रिय द्रव्य ठासून भरलेले असते, आणि त्याच्या संपर्कात येताच द्रावणातला पारा तिथेच बद्ध होतो. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. प्लेग पसरतो तो उंदरांवरील पिसवांमुळे, आणि हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत केलेल्या प्रयोगांतून १८९८ मध्ये पुढे आले. तेही अनेकांनी बरीच वर्षे मानले नाही. रँड यांच्या अधिकारात १८९७ मध्ये पुण्यात झडत्या चालू होत्या, तेव्हा भिंती धुणाऱ्यांना आणि धुऊन घेणाऱ्यांना, दोघांनाही हे ठाऊक असणे शक्य नव्हते. घरात शिरणाऱ्या सोजिरांविषयीचा संताप, देवघराचा विटाळ, सामानाची नासधूस या गोष्टी आपण इतिहासात वाचल्याच असतील. पेठांमधून फिरवलेल्या जंतुनाशकाने नेमके काय साधले, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला जातो, म्हणून आपल्या पत्राचे विशेष स्वागत.

मर्क्युरिक क्लोराइड पोटात गेल्यास एक ते चार ग्रॅम एवढ्यानेही प्रौढ माणूस दगावू शकतो. आतड्याचे अस्तर जळते आणि मूत्रपिंडे बंद पडतात. अमेरिकेत त्याच्या गोळ्या चुकून कोणी घेऊ नयेत म्हणून निळ्या रंगाच्या आणि शवपेटीच्या आकाराच्या बनवत असत. त्याचा सौम्य भाऊ मर्क्युरस क्लोराइड, म्हणजे कॅलोमेल, पाण्यात फारसा विरघळत नसल्याने निरुपद्रवी समजला जाई. दात येणाऱ्या बाळांच्या पुड्यांत तो सर्रास घातला जात होता. हातपाय गुलाबी होणे, सतत किरकिर, घाम आणि अशक्तपणा अशा लक्षणांच्या ‘पिंक डिसीज’चे कारण तोच असल्याचे १९४० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आले, आणि ब्रिटनमध्ये त्या पुड्या बाजारातून गेल्यावर काही वर्षांत तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

प्रश्न : आमची दौंड तालुक्यात ऊसशेती आहे. वडील लागणीच्या वेळी पिंपात एमिसान कालवून बेण्याची टिपरी हातांनी बुडवत असत. त्याआधी ज्वारीच्या बियाण्याला ॲग्रोसान चोळत. ही औषधे पाऱ्याची होती, असे आता कळले. आमची जमीन आणि विहीर कायमची बाटली का? वडील हयात आहेत, त्यांची काही तपासणी करावी का? गोठ्याच्या माळ्यावर एक जुना डबाही अजून पडून आहे.
— एक शेतकरी वाचक, यवत परिसर

उत्तर : ही औषधे बुरशीनाशके होती. सेंद्रिय पाऱ्याचा शेतीतला वापर पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत सुरू झाला. बियाण्यावर आणि मातीत दबा धरून बसलेल्या बुरशीला ती फार थोड्या प्रमाणात आवरत असत, त्यामुळे काणी आणि बेणे कुजण्याच्या रोगांवर शेतकऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसला, आणि तो अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. मर्क्युरोक्रोमच्या उलट, ही औषधे ज्या कामासाठी होती ते काम चोख करत. प्रश्न त्यांच्या गुणाचा नव्हता. ज्याला ती लावली ते धान्य कोणाच्या पोटात जाते, हा होता.

त्याचे सर्वांत भीषण उदाहरण इराकमध्ये घडले. दुष्काळानंतर १९७१ च्या शरद ऋतूत तेथील सरकारने मेक्सिकोहून गव्हाचे हजारो टन बियाणे आणले. त्यावर मिथिल पाऱ्याचे बुरशीनाशक होते आणि ते ओळखू यावे म्हणून लालसर रंगही दिलेला होता. पोत्यांवरील इशारे स्पॅनिश आणि इंग्रजीत होते. बियाणे गावोगाव पोहोचले तेव्हा बऱ्याच ठिकाणी पेरणी उरकली होती आणि घरात खायला धान्य नव्हते. लोकांनी गहू धुतला, रंग गेला, आणि रंगाबरोबर विषही गेले असे त्यांना वाटले. काहींनी खबरदारी म्हणून तो आधी कोंबड्यांना घातला. कोंबड्या काही दिवस ठणठणीत राहिल्या, म्हणून मग पीठ दळून रोट्या केल्या. मिथिल पाऱ्याचा घात असा, की लक्षणे दिसायला काही आठवडे लागतात. आधी ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, मग चाल लटपटते, नजरेचा घेर आक्रसत जातो, ऐकू येईनासे होते. रुग्णालयांत ६,५३० जणांची नोंद झाली आणि त्यांतील ४५९ दगावले. जे रुग्णालयापर्यंत पोहोचलेच नाहीत ते या आकड्यांत नाहीत. आईच्या पोटात असताना विष पोहोचलेली मुले जन्मतः मेंदूची इजा घेऊन आली. इतके कशामुळे झाले, तर मिथिल गट आणि पारा यांच्यातील बंध शरीराला सहजी तोडता येत नाही आणि ते संयुग सिस्टिन या अमिनो आम्लाला चिकटून, जणू मेंदूला लागणारे पोषक द्रव्यच आहे अशा रूपात, मेंदूत प्रवेश मिळवते.

आपल्या वडिलांच्या पिंपातील एमिसान म्हणजे मिथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइड. नावातील साम्याने दचकू नये. या संयुगाचा बंध शरीरात लवकर तुटतो आणि मागे असेंद्रिय पारा उरतो. तो मेंदूत सहसा शिरत नाही. त्याचे मुख्य लक्ष्य मूत्रपिंड, आणि तिथून तो साधारण दोन महिन्यांत निम्मा या वेगाने कमी होत जातो. जुन्या बियाणे-औषधांतील फिनिल पाऱ्याचेही असेच. याचा अर्थ उघड्या हातांनी बुडवणे बिनधोक होते असा मुळीच नाही. सर्वाधिक पारा बुडवणाऱ्याच्याच अंगात जात होता. पण वापर थांबून वर्षे लोटली असतील, तर तो पारा केव्हाच निघून गेला आहे, आणि आज रक्तातील पारा मोजून त्या काळाविषयी काही कळणार नाही. वयोमानाप्रमाणे मूत्रपिंडाची नेहमीची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने, तेवढी करून घ्यावी.

जमिनीविषयी हिशेबच मांडू. सहा टक्के पारा असलेली १०० ग्रॅम पावडर १०० लिटर पाण्यात, असे प्रमाण धरले तर पूर्ण पिंपात ६ ग्रॅम पारा झाला. एक एकरातील वरच्या वीतभर थरातली माती अंदाजे ९ लाख किलो भरते. कोणत्याही सामान्य मातीत किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास पारा निसर्गतः असतोच. म्हणजे आपल्या एकरात कोणी काही न घालताही ४५ ग्रॅमच्या घरात पारा आहे. त्यात पिंपातला सगळाच्या सगळा पारा दरवर्षी ओतला असता तर काही वर्षांत फरक दिसला असता, पण टिपऱ्यांना चिकटून शेतात जाणारा भाग त्याहून पुष्कळ कमी, आणि लागण खोडव्यामुळे दरवर्षी होत नाही. मातीत गेलेला पारा तिथल्या सेंद्रिय द्रव्याला आणि चिकणमातीला घट्ट धरून राहतो, सहसा झिरपत नाही. विहिरीची चिंता एकाच बाबतीत करावी : उरलेले द्रावण दरवेळी विहिरीच्या काठाशी ओतले जात होते का, किंवा पिंप तिथेच धुतले जात होते का. तसे असेल तर पाण्याची एकदा तपासणी करून घेणे योग्य.

माळ्यावरच्या डब्याची चिंता मात्र आजची आहे. त्यातली पावडर उडेल अशा रीतीने तो उघडू नये, धुऊ नये, आणि रिकामा करून धान्याला किंवा मिठाला वापरायचा विचारही करू नये. मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर, दुसऱ्या झाकणाच्या बादलीत ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि घातक कचऱ्याच्या वाटेनेच त्याची रवानगी करावी. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने ज्या कीडनाशकांवर बंदी घातली, त्यांत मिथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइड आहे. इथिल मर्क्युरी क्लोराइड आणि फिनिल मर्क्युरी ॲसिटेट यांच्यावरील बंदी त्याआधीची. त्यामुळे एखाद्या कृषी सेवा केंद्रात जुना साठा कोणी ‘खास माल’ म्हणून पुढे केला, तर तो घेऊ नये. बेणेप्रक्रियेसाठी पाराविरहित बुरशीनाशके आणि उष्ण हवेची प्रक्रिया उपलब्ध आहेत. काणीचा त्रास असलेल्या क्षेत्रात बेणे मळ्यातील निरोगी बेणे आणणे, हा उपाय कोणत्याही पिंपापेक्षा सरस.

प्रश्न : माझ्या सहा आठवड्यांच्या मुलीला महापालिकेच्या दवाखान्यात लस द्यायची आहे. लसीत पारा असतो, असा संदेश सोसायटीच्या गटावर फिरतो आहे. वर आपण म्हणता तसा मिथिल पारा त्यात आहे का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : नाही. काही लसींच्या अनेक मात्रांच्या कुपीत थायोमर्सल हे संरक्षक द्रव्य असते, आणि त्यातून शरीरात इथिल पारा सुटतो. एका अक्षराचा हा फरक क्षुल्लक वाटेल. पण विषारी दारूतील मिथिल अल्कोहोलने माणूस आंधळा होतो आणि नेहमीच्या दारूतील इथिल अल्कोहोलने होत नाही, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. बाळांच्या रक्तातील इथिल पारा आठवडाभराच्या आत निम्मा होतो आणि मलावाटे बाहेर पडतो. मिथिल पाऱ्याला त्यासाठी दीड-दोन महिने लागतात. प्रमाणही पाहावे. ०.०१ टक्के थायोमर्सल असलेल्या अर्ध्या मिलिलिटर मात्रेत सुमारे २५ मायक्रोग्रॅम पारा येतो. वरच्या पत्रातील मर्क्युरोक्रोमच्या दोन थेंबांत त्याच्या वीसपट होता.

तरीही घालायचेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. अनेक मात्रांच्या कुपीच्या रबरी बुचातून सुई पुन्हा पुन्हा आत जाते आणि एखादा जंतू बरोबर नेऊ शकते. ऑस्ट्रेलियातील बुंडाबर्ग येथे जानेवारी १९२८ मध्ये संरक्षक द्रव्य नसलेल्या घटसर्पाच्या लसीची कुपी अशीच दूषित झाली आणि ती टोचलेल्या मुलांपैकी १२ मुले दगावली. थायोमर्सल १९३० च्या दशकापासून वापरात आहे, ते या प्रकारचे अपघात टळावेत म्हणून. अमेरिकेने १९९९ मध्ये बाळांच्या लसींतून ते काढण्याचा निर्णय घेतला तो खबरदारी म्हणून, अपाय सिद्ध झाला म्हणून नव्हे; तिथे एकेका मात्रेच्या कुप्या परवडतात आणि त्या थंड ठेवायला जागाही आहे. डेन्मार्कने तर १९९२ मध्येच थायोमर्सल वगळले होते, आणि ज्या स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) दोष थायोमर्सलला दिला जातो, तिच्या नोंदी त्यानंतर तेथे घटल्या नाहीत. जखमेवरची पाऱ्याची जंतुनाशके आणि पाऱ्याची कीडनाशके २०२० पर्यंत बंद करण्याचे ठरवणाऱ्या, पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानेही थायोमर्सलयुक्त लसींना त्या यादीतून मुद्दाम वगळले आहे.

आपल्या मुलीला द्यायच्या लसींपैकी तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस, जन्मानंतर दिलेली बीसीजी आणि पुढे येणारी गोवर-रुबेलाची लस या जिवंत जंतूंच्या असल्याने त्यांत थायोमर्सल घालताच येत नाही. घातले तर लसच मरेल. सहाव्या आठवड्यातील पाच आजारांवरची एकत्रित लस अनेक मात्रांच्या कुपीतून दिली जात असेल, तर तीत ते असू शकते, आणि परिचारिकेला विचारल्यास त्या कुपीवरचे लेबल पाहायला मिळते. डांग्या खोकला सर्वाधिक घातक ठरतो तो पहिल्या सहा महिन्यांत, तेव्हा ठरलेली तारीख पुढे ढकलू नये.